२८ च्या रिमवर २८ चा कुठलाही टायर? जरा थांबा

जुने ट्रॅक्टर सांभाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय: ‘मॅसी ३५, बी-२७५ असल्या जुन्या ट्रॅक्टरना मागे २८ ची रिम असते. २८ लिहिलेला कुठलाही टायर बिनधास्त टाका. जितका रुंद, तितकी ओढ जास्त. रिम गंजली तरी आत ट्यूब असते, वेल्डिंग मारून चालवा. एक टायर गेला तर एकच बदला.’ वाचायला सोपं, खिशालाही परवडणारं, म्हणूनच पसरलं.

पहिलं, २८ चं. २८ हा फक्त रिमचा इंचांतला व्यास. रुंदी रिमवर वेगळी ठोकलेली असते: डब्ल्यू-९, डब्ल्यू-१०, डब्ल्यू-११. टायरवरच्या मापात आधी टायरची रुंदी, मग रिमचा व्यास. ११.२-२८ ला डब्ल्यू-१० रिम योग्य. १२.४-२८ ला डब्ल्यू-११, पण डब्ल्यू-१० चालते. १३.६-२८ ला डब्ल्यू-१२, अगदीच तर डब्ल्यू-११. तोच १३.६ डब्ल्यू-१० वर टाकला तर चढेल, हवाही धरेल. फसगत होते ती इथेच. टायरच्या दोन्ही कडा आवळल्या जातात, माथा गोल होतो आणि जमिनीला मधलाच पट्टा टेकतो. ज्या रुंदीचे पैसे मोजले, ती हवेत लटकते आणि टायर मधोमध झिजतो.

रुंदी मोजताना टेप बाहेरून लावू नका. टायरची कड जिथे बसते तिथे, दोन्ही काठांच्या आतून आतपर्यंतचं अंतर घ्या. बाहेरून मोजलं की इंचभर तरी जास्त भरतं, आणि भंगारातली डब्ल्यू-१० डब्ल्यू-११ म्हणून गळ्यात पडते.

दुसरा घोळ जुन्या आकड्यांचा. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बनलेल्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरला मागे १०-२८ टायर असे. नंतर मापं लिहायची पद्धत बदलली. जुना १०-२८ म्हणजे आजचा ११.२-२८ आणि जुना ११-२८ म्हणजे १२.४-२८. ट्रॅक्टरच्या जुन्या पुस्तिकेत ११ दिसला म्हणून दुकानात ११.२ मागितला, की एक माप लहान टायर घेऊन घरी!

आता ओढ. ताकद इंजिनाची, टायरची नव्हे. १२.४ च्या जागी १३.६ टाकला की चाक साधारण दोन इंचांनी उंच होतं, म्हणजे सुमारे ४ टक्के. त्याच गिअरमध्ये ट्रॅक्टर तेवढा जोरात पळतो आणि ओढ तेवढीच घटते. रोटाव्हेटरला हे लगेच जाणवतं: पीटीओ (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) त्याच वेगाने फिरतो, ट्रॅक्टर मात्र जास्त जोरात पुढे सरकतो आणि ढेकळं मोठी राहतात. भुसभुशीत रानात रुंद टायर कमी घसरतो हे खरं, पण रिमही तेवढी रुंद असेल तरच. शिवाय मडगार्डला आणि हायड्रॉलिकच्या खालच्या हातांच्या साखळ्यांना टायर घासत नाही ना, हे नांगर उचलून बघावं.

वेल्डिंगचा सल्ला मात्र सरळ जिवावर बेतणारा आहे. टायर चढलेला असताना रिमवर वेल्डिंग करू नका, हवा काढली असली तरी. उष्णतेने आतल्या रबराचा वायू होतो, पेट घेतो आणि टायर फुटतो. यात माणसं गेली आहेत. वजनासाठी पाणी भरलेल्या चाकांत गंज बहुधा व्हॉल्व्हच्या भोकाभोवती सुरू होतो. टायर उतरवा, तारेच्या ब्रशने घासा, हातोडीने ठोका. पत्रा बसला तर रिम बदलाच. खवले राहिले तर ट्यूब पुन्हा पुन्हा फाटणार.

बदलायची रिम घेताना आतल्या बाजूला वेल्ड केलेले कान बघा, ज्यांना चाकाची मधली तबकडी (डिस्क) बोल्टने आवळतात. त्यांची संख्या आणि मधल्या रेषेपासूनचं अंतर जुन्या रिमसारखंच हवं, नाहीतर एक चाक आत, एक बाहेर. चाकांमधलं अंतर वाढवायला चाक उलटं बसवलं तर टायरच्या नक्षीची दिशाही उलटी होते. तेव्हा डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे न्यावं लागतं.

एकच टायर बदलण्याबद्दल हिशोबच पुरे. नव्या आणि अर्ध्या झिजलेल्या टायरच्या त्रिज्येत १५ मिलिमीटरचा फरक धरला, तर प्रत्येक फेऱ्यात ९ सेंटिमीटरहून जास्त तफावत पडते. सरळ चालतानाही डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) सतत फिरत राहतो, आणि दोन्ही चाकं एकत्र जखडणारा डिफ लॉक लावला की सगळा ताण गिअर-एक्सलवर. बजेट नसेल तर तेवढ्याच झिजेचा जुना जोडीदार शोधा.

पुढच्या चाकांना मागच्यांशी उंचीचं गणित जुळवायची गरज नाही. ते फोर व्हील ड्राइव्हचं दुखणं. या ट्रॅक्टरना पुढे फक्त दोन्ही टायर एकसारखे हवेत.