‘तणनाशक पंधरा दिवसांत संपतं’ हा समज पुढच्या पिकाला महागात पडतो

तणनाशकांबद्दलचा एक संदेश वारंवार फिरतो. त्यातलं म्हणणं असं: तणनाशक मातीला लागताच निष्क्रिय होतं, पंधरा दिवसांत त्याचा मागमूस राहत नाही, उरलंसुरलं एका पावसात धुऊन जातं, शेणखत घातलं की जमीन पूर्ववत होते, आणि बी उगवलं म्हणजे जमीन साफ. प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते पटतं. पण त्याच्या भरवशावर पेरणी केली तर अख्खा हंगाम हातचा जाऊ शकतो.

‘मातीला लागताच निष्क्रिय होतं.’ ग्लायफोसेटपुरतं हे बरंचसं खरं आहे. चिकणमातीतली लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं त्याला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे ते मुळांना फारसं मिळत नाही. स्फुरदही त्याच जागा धरतो, म्हणून स्फुरद भरपूर असलेल्या मातीत ही पकड ढिली पडते. पण मातीने धरून ठेवणं वेगळं आणि रसायन मोडणं वेगळं. मोडण्याचं काम सूक्ष्मजीव करतात आणि त्याला काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागतो. मधल्या टप्प्यावर एएमपीए नावाचा पदार्थ तयार होतो, तो सहसा ग्लायफोसेटपेक्षाही जास्त टिकतो. पॅराक्वाट तर चिकणमातीच्या थरांमध्ये जाऊन बसतं. तण मारण्याची ताकद लगेच जाते, पण रसायन वर्षानुवर्षं तिथंच राहतं.

आणि उगवणीपूर्व फवारायच्या तणनाशकांचं काय? ती मातीला लागताच निष्क्रिय झाली असती, तर उगवणारं तण मेलंच नसतं.

‘पंधरा दिवसांत संपतं.’ २,४-डी या तणनाशकाचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं मोडायला लागणारा काळ, उबदार, ओलसर जमिनीत साधारण दहा दिवस असतं. बहुधा त्यावरूनच हा आकडा सगळ्यांना लावला गेला. ॲट्राझिनसाठी साधारण ६० दिवस धरतात. हेक्टरी १ किलो क्रियाशील घटक पडला, तर ६० दिवसांनी ५०० ग्रॅम, १२० दिवसांनी २५० आणि १८० दिवसांनी १२५ ग्रॅम उरतो. शेतात हा हिशेबही पुष्कळदा चुकतो, कारण मातीच्या कणांत शिरलेला शेवटचा भाग फार सावकाश मोडतो.

त्यातही किती उरलं यापेक्षा पुढचं पीक किती सोसतं, हे जास्त महत्त्वाचं. मेटसल्फ्युरॉन-मिथाइलची मात्राच हेक्टरी सुमारे ४ ग्रॅम असते. तिथे ग्रॅमभर अवशेषही संवेदनशील पिकाला भारी पडतो.

सर्वांत मोठी गफलत मातीच्या सामूबाबत (pH: ७ च्या खाली आम्लधर्मी, वर विम्लधर्मी) होते. मेटसल्फ्युरॉन, क्लोरिम्युरॉन ही सल्फोनिलयुरिया गटातली तणनाशकं आम्लधर्मी जमिनीत पाण्याशी क्रिया होऊन लवकर मोडतात. सामू ७ च्या वर गेला की ही वाट जवळपास बंद होते आणि सगळा भार सूक्ष्मजीवांवर पडतो. म्हणून जास्त सामूच्या, चुनखडीच्या जमिनीत ती जास्त काळ टिकतात. इमॅझेथापिरचं नेमकं उलट आहे. आम्लधर्मी मातीत ते कणांना चिकटून बसतं, सूक्ष्मजीवांच्या हाती लागत नाही आणि जास्त टिकतं. शेजारच्या शेतात चाललं म्हणून आपल्या शेतात चालेल, असं म्हणता येत नाही ते यामुळेच.

त्यावर ओल आणि उष्णतेची भर. जमीन वाफशावर आणि उबदार असेल तर सूक्ष्मजीव झपाट्याने काम करतात. कोरड्या किंवा थंड जमिनीत ते थंडावतात. फवारणीनंतर लांबलेल्या कोरड्या काळाचे दिवस पुरे दिवस म्हणून मोजू नयेत.

‘एका पावसात धुऊन जातं.’ पेंडिमेथालिन मातीला इतकं चिकटतं की पावसानंतरही ते वरच्या काही सेंटिमीटरांतच राहतं. ॲट्राझिन पाण्याबरोबर खाली उतरतं, पण खाली म्हणजे भूजलात. जर्मनीने १९९१ मध्ये ॲट्राझिनवर बंदी घातली. त्यानंतरही कित्येक वर्षं तिथल्या भूजलात ते आणि त्यापासून बनणारं डेसएथिल-ॲट्राझिन सापडत राहिलं.

‘शेणखत घातलं की जमीन पूर्ववत.’ सेंद्रिय कर्ब वाढला की काही तणनाशकं धरली जातात, सूक्ष्मजीवही वाढतात, हे खरं. पण खत कुठल्या चाऱ्याचं, हे आधी विचारा. कुरणात फवारलेलं अमिनोपायरॅलिड हे तणनाशक चाऱ्यातून गेल्यावर जनावराच्या पोटातून न मोडता बाहेर पडतं आणि खताच्या ढिगातही टिकतं. ब्रिटनमध्ये २००८ साली अशा शेणखतामुळे टोमॅटो, बटाटा आणि शेंगवर्गीय पिकं बिघडली आणि अमिनोपायरॅलिडची विक्री काही काळ थांबवावी लागली. टोमॅटोचा शेंडा अशा वेळी नेच्याच्या कोवळ्या पानासारखा आत वळतो.

‘बी उगवलं म्हणजे जमीन साफ.’ हे वाक्य सर्वांत घातक. ॲट्राझिन प्रकाशसंश्लेषण रोखतं, उगवण नाही. बियातल्या साठ्यावर रोप छान वर येतं. खरी पानं कामाला लागली की कडा पिवळ्या पडतात, मग करपतात.

म्हणून चाचणी कुंडीत आणि पुरे तीन आठवडे करावी. शेतात ८ ते १० ठिकाणांहून वरच्या १० सेंटिमीटरची माती घ्या. फवारा वळवण्याच्या जागी दुहेरी मात्रा पडलेली असते. तिथली माती वेगळी ठेवा, नाहीतर सरासरीत दोष लपतो. तुलनेसाठी त्याच जातीची, न फवारलेली माती हवी. ती नसेल तर शेतातल्याच मातीच्या एका भागात सक्रिय कोळशाची पूड कालवा. तो बरीचशी तणनाशकं धरून ठेवतो. दोन्हींच्या तीन-तीन कुंड्या भरा, पुढे घ्यायचं तेच पीक प्रत्येकीत दहा बिया पेरा आणि कुंड्या उन्हात ठेवा. पाणी बेताचं द्या. तळातून वाहू लागलं तर अवशेषही निघून जातो.

शेवटी रोपं उपटून मुळं धुऊन पाहा. पेंडिमेथालिनने मुळांची टोकं गदेसारखी जाड होतात. इमॅझेथापिर आणि सल्फोनिलयुरियाने बाजूची मुळं आखूड, बाटली धुण्याच्या ब्रशसारखी दिसतात आणि शेंडा पिवळा पडतो. फरक दिसला तर ते पीक त्या जमिनीत घेऊ नका. दिसला नाही, तरी निकाल फक्त पेरलेल्या पिकापुरता धरा: मका चांगला आला म्हणून मोहरी येईलच असं नाही.