आधी सळई तपासा, मग दर्शनी भाग

जुन्या काँक्रीटच्या बंगल्याचे नूतनीकरण दर्शनी भाग बदलण्यापासून सुरू करावे, असे मत एका लेखात मांडले आहे; ते मला पटत नाही. नाशिकमध्ये कॉलेज रोड आणि गंगापूर रोड परिसरात जे असे बंगले उरले आहेत, त्यांचे रूप रुंद छज्जे, काँक्रीटच्या जाळ्या आणि मोझेकची जमीन यांतच आहे, आणि ते एकदा फोडले की तसेच पुन्हा घडवणारे कारागीर सहज मिळत नाहीत.

खरा धोका आत असतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये मुरून त्याची अल्कता कमी करतो. सामू (pH, म्हणजे अल्कतेचे माप) सुमारे ९ पर्यंत उतरला की काँक्रीटमधल्या लोखंडी सळईवरचे संरक्षक आवरण टिकत नाही, ओलाव्याने ती गंजते आणि फुगलेला गंज वरचा थर फोडून काढतो. नव्याने फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलीन या अल्कता दाखवणाऱ्या रसायनाचे द्रावण शिंपडल्यास निरोगी काँक्रीट गुलाबी होते, बाधित भाग मात्र रंगहीनच राहतो. ही चाचणी स्वस्त आहे, आणि कंत्राटदाराने ती टाळू नये असा आग्रह घरमालकाने अवश्य धरावा.

छज्ज्याबाबत विशेष काळजी हवी, कारण त्याची मुख्य सळई वरच्या बाजूस असते. खालून गिलावा करून भेग झाकली तरी वरून मुरणारे पावसाचे पाणी तिला गंजवतच राहते. गच्चीवरही जुन्या कोब्यावर (पाणी मुरू नये म्हणून घातलेल्या थरावर) नवा कोबा चढवून स्लॅबवरचे वजन वाढवू नये. मोझेकला बहुधा घासून पॉलिश करणे पुरेसे असते.