आत्या, आधी बंबातली वायर काढ

रविवारी आत्याने फ्रीजरमधल्या मटारांचे सगळे डबे भंगारवाल्याला देऊन टाकले. कारण व्हॉट्सॲप. ‘जॉन्स हॉपकिन्सचा इशारा: प्लास्टिक फ्रीजरमध्ये ठेवलं की डायॉक्सिन सुटतं, कॅन्सर होतो. बुडावर जो आकडा असेल तितक्याच वेळा भांडं वापरा.’ जॉन्स हॉपकिन्स म्हणजे अमेरिकेतलं विद्यापीठ. हेच पूर्वी ईमेलवरून यायचं. वीस वर्षं झाली, मरत नाही.

आकड्याचं आधी उरकतो. त्रिकोणातला आकडा १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने आणला, भंगारात प्लास्टिकचा प्रकार ओळखता यावा म्हणून. १ म्हणजे पेट (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक), ३ म्हणजे पीव्हीसी, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. मेसेज खरा धरला तर नळाचा पीव्हीसी पाइप तीनदा पाणी भरून उखडायला हवा.

आता डायॉक्सिन, म्हणजे मेसेजमधलं ते विषारी रसायन. ज्या जॉन्स हॉपकिन्सचं नाव लावलंय, त्यांनीच २००४ मध्ये आपले शास्त्रज्ञ रॉल्फ हाल्डेन यांची मुलाखत छापून हे खोडून काढलं. गारठ्यात रसायनं झिरपायची उलट मंदावतात, असं ते म्हणाले. डायॉक्सिन बनायला क्लोरीन लागतो आणि शेकडो अंशांची आच लागते. फ्रीजरमध्ये कुठली आच? आणि मटारांचे डबे ज्याचे, त्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये क्लोरीन नसतोच.

आच आहे ती आत्याच्या अंगणातल्या बंबात. ढलप्या लवकर पेटाव्यात म्हणून त्यात रोज सकाळी कॅरीबॅगा जातात, जुन्या वायरींचे तुकडे जातात. वायरीचं आवरण पीव्हीसीचं, म्हणजे क्लोरीन आलाच. वर आत्या तोंड जवळ नेऊन फुंकर मारते! डायॉक्सिनची खरी भीती इथे आहे. त्यावर मेसेज आला नाही, म्हणून बंब चालू आहे.

बरं, एक कबूल करतो. गरम आणि तेलकट पदार्थ प्लास्टिकमध्ये नकोच, त्यात रसायनं जास्त उतरतात. डब्यावर ‘मायक्रोवेव्ह चालेल’ लिहिलं असलं तरी मी भाजी काचेच्या वाडग्यातच तापवतो. बिस्फेनॉल ए या रसायनाची भीतीही खरी आहे. ते पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक, पारदर्शक प्लास्टिकमध्ये असतं, आणि अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत ते वापरायला युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये बंदी घातली. पण मटारांच्या डब्यांशी त्याचा संबंध नाही. टपरीवरून पातळ पिशवीत येणारा उकळता चहा मात्र आत्याकडे अजून येतो.

नवे मटार कशात भरलेत ते काल पाहिलं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. उलटा करून बघितला: ५.