कावळा, कडक भाकरी आणि भाच्याचा प्रश्न

उन्हाळ्यात गच्चीवर पाखरांसाठी पाण्याचं भांडं ठेवतो. सोलापूरचं ऊन, सांगायला नको. परवा एक कावळा कडक भाकरीचा तुकडा घेऊन आला. तुकडा भांड्यात टाकला, थांबला, चोचीनं ढोसून बघितला. अजून टणक. परत बुडवला आणि मऊ झाल्यावर निवांत खाल्ला. आपण आमटीत चुरून खातो, तेच की हे!

भाचा म्हणाला, "मामा, मग आपल्यात अन् ह्याच्यात फरक काय?"

"बुद्धी" म्हणून मोकळा होणार होतो, पण जीभ अडली. बुद्धी तर समोरच भांड्याच्या काठावर बसली होती.

जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ साली इमो नावाची एक तरुण माकडीण रताळी धुऊन खाताना दिसली, आणि बघता बघता टोळीतली बाकीची माकडंही धुवायला लागली. जपानातल्याच क्योटो विद्यापीठाच्या संशोधन संस्थेतल्या अयुमू नावाच्या चिंपांझीनं, पडद्यावर क्षणभर दिसलेल्या आकड्यांच्या जागा लक्षात ठेवण्यात कॉलेजच्या पोरांना मागं टाकलं (२००७). आणि मेंदू मोठा म्हणून आपण शहाणे, ही फुशारकीही राहू द्या. निअँडरथल या नामशेष झालेल्या आपल्या चुलत मानवाचा मेंदू आपल्याहून लहान नव्हता.

मला विचाराल तर फरक कावळ्याच्या डोक्यात शोधूच नका, त्याच्या चोचीतल्या भाकरीत शोधा.

ज्वारी मूळची आफ्रिकेतली. सुदानच्या बाजूला हजारो वर्षांपूर्वी लोकांनी रानगवतातली बरी कणसं निवडून पेरली, पोरांनी त्यातली आणखी बरी निवडली. वर लावायच्या चटणीतला शेंगदाणा आणि मिरची अमेरिकेतली, १४९२ नंतर जहाजांतून इकडं आलेली. लसूण मध्य आशियातला. पाहुण्याच्या पिशवीत आपण 'अस्सल सोलापुरी' म्हणून जे कोंबतो, त्यात तीन खंडांतल्या अनोळखी माणसांची अक्कल कालवलेली असते. एकट्या माणसाला, कितीही हुशार असू दे, रानगवतापासून सुरुवात करून एका जन्मात ही भाकरी जमणार नाही. इमोची टोळी गोड्या पाण्याऐवजी समुद्राच्या पाण्यात रताळी धुवायला लागली, पण गाडी त्याच्या फार पुढं गेली नाही. आपण मात्र मागच्याचं घेतो आणि त्यात आपलं चिमूटभर टाकून पुढं देतो.

आता चुलीचं. मेंदू वजनाला शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्के. एवढा खादाड अवयव परवडला तो अन्न शिजवून खायला लागल्यामुळं, असं मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम म्हणतात. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटत नाही, कारण मेंदू वाढायला लागला तेवढ्या जुन्या काळातल्या विस्तवाचे पुरावे तोकडे आहेत. मला पटतं. पण मी पडलो भाकरीवाला.

त्या दिवशी संध्याकाळी आईला विचारलं, पिठात पाणी किती घालायचं? ज्वारीला गव्हाचा चिकटपणा नाही, म्हणून ती उकळतं पाणी घालते, एवढं मला ठाऊक होतं. ती म्हणाली, "पीठ मागतंय तेवढं." मग माझा हात धरून पिठात घातला. "हे बघ, कडा फुटायल्यात. अजून मागतंय."

पहिली भाकरी उचलताना तिचे तीन तुकडे झाले. दुसरी तव्यापर्यंत पोचली, पण कडक काही झाली नाही, नुसती कातड्यासारखी चिवट. सकाळी गच्चीवर टाकली.

कावळ्यानं चोच मारून बघितली आणि भांड्याकडं न जाता तशीच घेऊन उडाला.