नुसत्या काचेनं भागत नाही

लेखात म्हटलंय की दक्षिणेला मोठ्या काचा लावल्या की घर उन्हावरच गरम राहतं, पण हे अर्धंच खरं आहे हो. आमचं डेन्व्हरचं घर स्टीलच्या फ्रेमचं, दक्षिणेला भरपूर काच, जानेवारीत दुपारी बनियनवर बसायचो आणि रात्री दहाला अंगात दोन स्वेटर! कारण पातळ स्टील नि जिप्सम बोर्ड फारशी उष्णता धरूनच ठेवत नाहीत, त्याला काँक्रीटची जाड जमीन लागते आणि ऊन थेट तिच्यावर पडावं लागतं, आम्ही नेमका तिथेच गालिचा अंथरलेला (आयडिया माझीच).

दुसरं म्हणजे स्टीलमधून लाकडाच्या शेकडो पट जास्त उष्णता वाहते, त्यामुळे १६ इंचांवरच्या स्टडमधे (भिंतीच्या आतल्या उभ्या पट्ट्यांमधे) आर-१३ चं इन्सुलेशन कोंबलं (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, आकडा मोठा तितकं चांगलं) तरी भिंत जेमतेम आर-६ ची पडते. आमच्या भिंतीवर प्रत्येक स्टडच्या जागी धुळीची काळपट उभी रेघ उमटलेली, मोजून घ्या. शेवटी बाहेरून २ इंच फोम चढवला तेव्हा कुठे रात्रीचा हीटर कमी झाला.

आणि छज्जाचं माप नीट काढा, इथे २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य २७ अंशांवर असतो आणि जूनमधे ७४ वर, छज्जा तोकडा राहिला तर उन्हाळ्यात भाजून निघाल.