फिलिपिन्सची शिल्पं उसनी नाहीत

सध्या मराठी गटांमधून एक मजकूर फिरतोय. सोबत सोन्याच्या एका छोट्या मूर्तीचा फोटो असतो. मजकुराचा गोषवारा असा : फिलिपिन्सला स्वतःची शिल्पकला नाही. स्पॅनिश लोक येण्याआधी तिथे होत्या त्या मूर्ती भारतातून गेलेल्या, ही सोन्याची देवी त्याचा पुरावा. नंतरचे चर्चमधले संत म्हणजे युरोपची नक्कल. उरल्या डोंगरातल्या आदिवासींच्या लाकडी बाहुल्या, त्यांना कला म्हणायचं कारण नाही.

माझ्या ओळखीच्या तिघांनी तो मला अभिमानानं पाठवला, कारण मी लाकूड कोरतो. भारताच्या अभिमानाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण यात ज्यांची कला एका फटक्यात पुसून टाकलीय, ती माणसं आजही पटाशी चालवताहेत. म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी तो फोटो. ही मूर्ती 1917 साली मिंदानाओ बेटावरच्या आगुसान भागात, वावा नदीच्या काठी मानोबो या आदिवासी जमातीच्या एका बाईला सापडली. पुरानं काठ खरवडला होता. मूर्तीची उंची वीतभरही नाही, पण वजन पावणेदोन किलोच्या वर, आणि सोनं 21 कॅरटचं. काळ साधारण नववं-दहावं शतक. तिचं घराणं हिंदू-बौद्ध आहे हे कुणी नाकारत नाही. कुणी तिला बौद्ध देवी तारा म्हणतं, तर कुणी वज्रधातू या बौद्ध मंडलातली देवी वज्रलास्या. पण ती ‘भारतातून गेली’ याला आधार काय? अभ्यासक तिचं नातं जोडतात ते पूर्व जावातल्या न्गांजुकच्या कांस्यमूर्तींशी. शिवाय ती सापडली त्याच भागातलं बुतुआन हे त्या काळात सोनारकामाचं मोठं बंदर होतं. 1001 साली तिथून चीनच्या सोंग दरबारात वकिलात गेल्याची नोंद आहे. असे सोनार घरात असलेल्या प्रदेशातली मूर्ती बाहेरूनच आली असणार, हे आधीच गृहीत का धरायचं?

भारताशी नातं होतं, आणि ते दाखवायला याहून चांगला पुरावा आहे. 1989 साली लागुना प्रांतात एक ताम्रपट मिळाला. त्यावरची तिथी वाचताना मराठी माणसाच्या अंगावर काटा येतो : शक 822, वैशाख, कृष्ण पक्षातली चतुर्थी, सोमवार. आपल्या पंचांगातला तोच शक! पण पुढे वाचा. नामवरान नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज माफ झालं, त्याच्या वंशजांवरही ते राहिलं नाही, एवढाच मजकूर. भाषा जुनी मलय, तीत संस्कृत शब्द मिसळलेले, आणि व्यवहार सगळा तिथला. मराठीत फारसी शब्द भरपूर आहेत, म्हणून शिवकाळातली पत्रं कुणी इराणची म्हणत नाही.

‘स्पॅनिशांआधी काही नव्हतं, होतं ते भारतीय’ हे म्हणणं तर तारखांपुढेच टिकत नाही. पलावान बेटावरच्या मनुंगुल गुहेत 1964 साली एक अस्थिकुंभ मिळाला, इसवी सनापूर्वी 890 ते 710 मधला. त्या समुद्रात भारतीय व्यापाराच्या खुणा दिसू लागायला अजून काही शतकं होती. मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्या कुंभासमोर मी बराच वेळ उभा होतो. झाकणावर एक होडी आहे आणि होडीत दोन माणसं. मागचा वल्ह्यानं दिशा देतोय. वल्ह्याचं पातं तुटून गेलंय, पण मुठी अजून आवळलेल्या आहेत. पुढच्याचे हात छातीवर एकमेकांवर ठेवलेले, डोक्यावरून हनुवटीखाली पट्टी बांधलेली, मृताला बांधतात तशी. होडीच्या नाळीलाही चेहरा आहे, डोळे-नाक-तोंडासह. कुंभाच्या वरच्या अंगावर लाटांसारख्या वळणाऱ्या रेघा. मेलेल्याला पलीकडे नेणारी होडी मातीत इतक्या शांतपणे करणारा हात नवशिक्याचा नाही. त्यामागे पिढ्यांचा सराव असतो, हे मातीत हात घातलेला कुणीही सांगेल.

सारांगानी प्रांतात माइतुमजवळच्या गुहेत 1991 साली मिळालेले अस्थिकुंभ साधारण इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतले. त्यांची झाकणं म्हणजे माणसांची डोकी, आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही.

मग स्पॅनिश येईपर्यंत लाकडाच्या मूर्ती होत्या का? याचं उत्तर स्पेनच्या वतीनं आलेल्या दर्यावर्दी मॅगेलनच्या तांड्यातल्या, प्रवासाची हकिगत लिहिणाऱ्या पिगाफेत्तानंच लिहून ठेवलंय. 1521 साली सेबू बेटावर त्यानं पाहिलेल्या मूर्ती लाकडाच्या, आतून पोकळ, पाठीचा भाग नसलेल्या होत्या. हात पसरलेले, पाय फाकून वर वळवलेले, मोठा चेहरा, रानडुकरासारखे चार सुळे आणि सर्वांगाला रंग. कुठल्या भारतीय देवाचं हे वर्णन आहे? त्या मूर्ती जाळायला लावल्या, हेही त्यानंच लिहिलंय. आधी जाळायचं आणि पुढच्यांनी म्हणायचं की इथे काही नव्हतंच, यातला अन्याय मला फार लागतो.

आता संतांबद्दल. सेबूतली बाळ येशूची प्रसिद्ध मूर्ती खरंच युरोपातून आली, मॅगेलननंच ती भेट दिली. पण पुढची तीनशे वर्षं चर्चच्या कोनाड्यांतून उभे राहिलेले संत कोणी कोरले? मनिलात वस्ती केलेल्या चिनी कारागिरांनी आणि स्थानिक सुतारांनी. 1590 साली मनिलाचे बिशप सालाझार यांनी स्पेनच्या राजाला कळवलं की या चिनी कारागिरांनी घडवलेल्या हस्तिदंती बाळ येशूंहून सरस काही होऊ शकेल असं वाटत नाही. गोव्यात कोरलेला हस्तिदंती ‘उत्तम मेंढपाळ’ ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच कळेल की विषय बाहेरचा असला तरी कोरणाऱ्याचा हात त्यात उमटतोच. डोळे मिटून, गालाला हात लावून बसलेल्या त्या बाळ येशूत आपल्याकडच्या ध्यानस्थ मूर्ती दिसतात. त्याला आपण पोर्तुगालची नक्कल म्हणत नाही. मग मनिलाला वेगळा न्याय कशाला?

पनाय बेटावरचं मियागाओचं चर्च बघा, 1797 साली पूर्ण झालेलं. दर्शनी भिंतीवर संत ख्रिस्तोफर बाळ येशूला पाठीवर घेऊन नदी ओलांडतोय. युरोपातली ओळखीची कथा. पण इथे त्याचे कपडे गावातल्या माणसाचे आहेत, आणि आधाराला त्यानं नारळाचं झाड धरलंय. बाजूला पपई आणि पेरूची झाडं. पाथरवटानं पिवळ्या दगडात आपलं अंगणच कोरून ठेवलं. (पपई आणि पेरू मुळात अमेरिकेतून आलेले, पण तोवर ते त्याच्या परसातले झाले होते.)

लागुनातल्या पाएते गावाचं नावच ‘पाएत’ म्हणजे छिन्नी या शब्दावरून आलंय, असं गावकरी सांगतात. आणि चर्चबाहेरची परंपराही मजकुरात नाही. फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष रिझाल स्वतः शिल्पं करत. शिल्पकार तोलेन्तिनो यांनी कालोओकान शहरात केलेलं क्रांतिकारक बोनिफासियो यांचं स्मारक 1933 चं, आणि तोलेन्तिनोंकडे शिकलेले शिल्पकार आबुएवा यांना 1976 साली ‘राष्ट्रीय कलाकार’ हा सरकारी सन्मान मिळाला. दक्षिणेतल्या मारानाओ मुसलमानांच्या सरदारी घरांच्या तुळया बाहेर झेपावतात त्या वेलबुट्टीनं भरलेले नाग होऊन.

राहिला ‘बाहुल्या’ हा शब्द. मजकुरातलं सगळ्यात वाईट वाक्य हेच.

उत्तर लुझोनच्या डोंगरात इफुगाव लोक पायऱ्यांच्या खाचरांत भात पिकवतात. त्यांच्या भाताच्या कोठाराचा राखणदार म्हणजे बुलुल. बहुतेकदा जोडीनं असतो, नर आणि मादी. बसलेला असेल तर हात गुडघ्यांवर, बैठक उखळासारखी. उत्तम बुलुल नार्रा नावाच्या झाडाच्या लाकडाचा. चेहऱ्यावर नाकाची एक कड, डोळ्यांच्या दोन खोबणी, बस. लाकूडकाम करणाऱ्याला विचारा, इतक्या थोड्या घावांत बसलेल्या अंगाचं वजन दाखवणं किती अवघड असतं. मी अनेकदा प्रयत्न केलाय. माझी आकृती नुसती ठेवल्यासारखी दिसते, बुलुल बसलेला दिसतो.

आणि कोरून झाला की तो बुलुल होत नाही. मुंबाकी, म्हणजे त्यांचा पुरोहित, उत्पत्तीची कथा गातो, डुकराचा बळी दिला जातो, त्याचं रक्त लाकडाला माखतात, तांदळाची दारू वाहतात. मग तो कोठारात बसतो आणि त्यानंतरच्या विधींतही त्याचा मान असतो. जुन्या बुलुलवर दिसणारा काळा, तुकतुकीत थर रंगाचा नसतो, तो या साऱ्यानं आणि धुरानं चढलेला असतो. पर्यटकांच्या दुकानातल्या नव्या आकृत्यांना तो थर पॉलिश लावून आणतात. मजकूर लिहिणाऱ्यानं बहुधा तेवढंच पाहिलं असावं. याच डोंगराळ भागातल्या लोकांना 1904 साली अमेरिकेत सेंट लुइसच्या जागतिक जत्रेत बघ्यांसमोर मांडलं होतं. त्यांच्या देवाला बाहुली म्हणणं त्याच नजरेतून येतं.

मजकुराच्या शेवटी लिहिलंय, ‘हा आपला वारसा जगाला सांगा.’ फोटोतली ती सोन्याची देवी 1922 पासून शिकागोच्या फील्ड संग्रहालयात आहे. ती परत मिळावी म्हणून फिलिपिनो लोक मागणी करताहेत. मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर ही ओळ जोडून पाठवा, आणि तिच्यासोबत वावा नदीचं आणि त्या मानोबो बाईच्या जमातीचं नावही लिहा.