लोणच्याची बरणी आणि पिट्सबर्गचा आरसा

काल भर मीटिंगमध्ये कऱ्हाडहून काकूचा व्हिडिओ कॉल. दोनदा कापला, तिसऱ्यांदा वाजल्यावर पोटात गोळा आला, बाहेर येऊन उचलला. बघतो तर काकू नाहीच, लोणच्याची बरणी. "बघ रे, ही बुरशी धरलीय का मीठ वर आलंय?" घरात केमिस्ट्री शिकलेला मी एकटा, त्यामुळे बुरशी खातं माझ्याकडे. बरणी इतकी जवळ धरलेली की सगळं धूसर. लांब धर म्हटलं तर खिडकीचा उजेड आडवा. शेवटी तिने चमच्याने थोडं बशीत काढून दाखवलं.

तेव्हापासून डोक्यात पिट्सबर्ग घोळतंय. अमेरिकेच्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने १९७० साली तिथे पिक्चरफोनची, म्हणजे समोरचा माणूस दिसणाऱ्या फोनची सेवा सुरू केली. त्या यंत्रात एक गंमत होती. कॅमेऱ्यापुढे छोटा आरसा ओढला की समोरच्या माणसाऐवजी टेबलावरचा कागद पलीकडे दिसायचा. साहेब लोक एकमेकांना तक्ते आणि नकाशे दाखवतील, हा हिशोब. लोणचं कुणाच्या डोक्यात नव्हतं, आणि माझ्या मते घोडं तिथेच पेंड खात होतं.

कल्पना तर फोनच्या पाठोपाठच आली होती. बेलचं पेटंट १८७६ चं. १८७८ च्या डिसेंबरात लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकात जॉर्ज द्यु मोरिए यांचं व्यंगचित्र आलं: लंडनच्या घरात आईबाप बसलेत, समोर भिंतभर पडद्यावर सिलोनमध्ये रॅकेट घेऊन खेळणारी पोरं दिसताहेत, आणि नळी तोंडाशी धरून गप्पा चालल्यात. एक तार जोडलेली नसताना त्या चित्रकाराला कळलं होतं की हे यंत्र कुणाला लागणार आहे. परदेशी गेलेल्या मुलांच्या आईबापांना! पुढची शंभर वर्षं इंजिनिअरांना ते कळलं नाही.

७ एप्रिल १९२७ ला एटी अँड टीच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेने वॉशिंग्टनमधल्या हर्बर्ट हूवर या मंत्र्यांचा (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष) चेहरा न्यूयॉर्कला पोहोचवला. पण चित्र एकाच बाजूने. हूवर सगळ्यांना दिसले, हूवरना कुणीच दिसलं नाही. (आमच्या सोसायटीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये सेक्रेटरींचं अजून असंच असतं.) १९३६ च्या मार्चमध्ये जर्मन पोस्टखात्याने बर्लिन ते लाइपझिग दुतर्फी सेवा सुरू केली. केबिनमध्ये जाऊन बसायचं, तीन मिनिटांना साडेतीन मार्क. युद्धात ती बंद पडली.

मग १९६४. न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी पिक्चरफोन पाहिला, आणि जूनमध्ये न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन या तीन शहरांत बूथ उघडले. तीन मिनिटांना १६ ते २७ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन माणसालाही घाम फुटावा असा दर. शिवाय आधी वेळ ठरवून दोघांनीही आपापल्या गावच्या बूथवर हजर राहायचं. पिट्सबर्गला यंत्र ऑफिसात आलं, पण भाडं महिन्याला १६० डॉलर. १९८० पर्यंत दहा लाख यंत्रं लागतील, अशी कंपनीची अपेक्षा होती. पुढे शिकागोतही ही ऑफिसातली सेवा आली, तिथे यंत्रांचा आकडा ४५३ वर गेला आणि तिथून उतरला.

का फसलं? ठरलेलं उत्तर असं की लोकांना विस्कटलेल्या केसांनी फोनवर दिसायचं नव्हतं. मला हे पटत नाही. २००४ च्या सुमारास काकूचा मुलगा, माझा चुलतभाऊ, न्यू जर्सीला गेला. ईमेलवर वेळ ठरायची: त्याची शनिवार रात्र, आमची रविवार सकाळ. आम्ही चौघं कऱ्हाडच्या एका सायबर कॅफेत, प्लायवूडच्या दोन माणसांच्या खोपटात कोंबून बसायचो. काकू नारायणपेठ नेसून, पावडर लावून. आजी डोक्यावरून पदर घेऊन, कारण "सूनबाईच्या माहेरचं कुणी असलं तर?" चित्र अडकायचं, भाऊ आ वासून थिजायचा, आणि काकू त्या थिजलेल्या तोंडाला विचारायची, "जेवलास का?" दिसायची लाज कसली? नटण्यात निम्मी मजा होती. लाज वाटत असेल तर ती शेजारच्या टेबलावरच्या माणसाला रोज तोंड दाखवायला, आणि कंपनी नेमकी ऑफिसवाल्यांकडूनच पैसे मागत होती.

दर उतरणं मात्र कुणाच्या मर्जीवर नव्हतं. पिक्चरफोनच्या चित्राला तारेवर आवाजाच्या सुमारे तीनशेपट जागा लागे, आणि दर यंत्रामागे तारांच्या तीन जोड्या: बोलायला एक, चित्र न्यायला एक, आणायला एक. यातून वाट काढली ती बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांनी. १९७२ मध्ये अमेरिकेत शिकवत असताना त्यांनी संशोधनासाठी सरकारी निधी मागितला, तो नाकारला गेला. तरी काम चालू ठेवलं आणि १९७४ मध्ये नटराजन आणि राव यांच्यासोबत शोधनिबंध छापला. तो डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येकातला ठळक भाग ठेवायचा, डोळ्याला जाणवत नाही तो बारकावा सोडून द्यायचा. १९८८ च्या एच.२६१ या व्हिडिओ कॉलच्या मानकात हीच युक्ती बसवली. आजच्या ॲपमध्ये गणित बरंच पुढे गेलंय, पण मूळ तेच. रेंज गेली की समोरच्याच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन होतात ना, ते चौकोन म्हणजे हे गणित उघडं पडलेलं असतं. या माणसाचं नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात का नाही, हा वेगळ्या पोस्टचा विषय.

तर काल मी काकूला म्हटलं, बोटावर घेऊन चोळून बघ, खरखरलं तर मीठ. तिने चोळलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि तिथेच तिचे चौकोन झाले. परत लावला तर उचलेना. चारची सिरीयल लागली असणार.